दोन कडांमधली रेघ

पहिल्याच डब्यावर नाव पोकळ उमटलं. लग्नाच्या आहेराचा स्टीलचा मोठा डबा, गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलेलं, आणि आमच्या नव्याकोऱ्या लेसर मशीनने प्रत्येक अक्षराच्या दोन्ही कडा इमानेइतबारे कोरून मधलं स्टील तसंच चकचकीत सोडलेलं. लांबून बघितलं तर अक्षरं, जवळून बघितलं तर अक्षरांची कुंपणं. गिऱ्हाइकाने डबा दारातल्या उजेडात धरला आणि म्हणाला, ‘दीदी, नाम तो डल गया, पर अंदर से खाली है.’ मागे काका बसले होते. आयुष्यभर भांड्यांवर नावं घातलेला माणूस. त्यांनी मान वर न करता निकाल दिला, ‘ते दोनदा फिरलंय गं. एकदाच फिरायला हवं होतं.’

ही पुस्तिका त्या वाक्यावर उभी आहे. ट्रेस केलेल्या चित्राच्या किंवा अक्षराच्या दोन कडा टाकून त्यांच्या मधली एकच रेघ कशी काढायची, एवढाच तिचा विषय. विषय लहान आहे, पण तो चुकला की डबा भरून द्यावा लागतो.

बदनावर हे धार जिल्ह्यातलं उत्तरेकडचं तालुक्याचं गाव. इंदूरकडून रतलामला जाताना वाटेत लागतं. एकेकाळी पवारांच्या धार संस्थानातला हा परगणा. पवारांच्या मागोमाग माळव्यात उतरलेली मराठी घरं धार, देवास, इंदूरला पुष्कळ. आमच्याकडे बोटांवर मोजण्याइतकी. घरात मराठी, गल्ल्यावर हिंदी आणि मालवी, पडद्यावर कोरलड्रॉचं इंग्रजी, अशी आमच्या दुकानाची भाषा आहे. या टिपा मी मराठीत लिहिल्या त्याचं कारण साधं. त्या आधी भाच्यासाठी वहीत लिहिल्या होत्या, आणि भाच्याला रागावायचं तर मला मराठीतच जमतं.

आमचा मूळ धंदा नावं घालण्याचा. तांब्या, परात, घागर, पातेलं, डबे. काकांच्या हातात बारीक छिन्नी आणि अंगठ्याएवढी हातोडी. प्रत्येक ठोक्याला एक टिंब, टिंबाला टिंब लागून रेघ, रेघेला रेघ लागून अक्षर. पुढे थरथरणारं विजेचं पेन आलं. टिंबं गेली, सलग ओरखडा आला. हत्यार बदललं तरी चाल तीच राहिली. हत्यार अक्षरावरून एकदा जातं, आणि त्याचं टोक जेवढं रुंद तेवढी अक्षराची जाडी. ‘अक्षराची कड’ नावाची वस्तू काकांच्या जगात नव्हतीच.

संगणकाच्या जगात आहे, आणि बहुतेक वेळा तेवढीच आहे. पडद्यावर दिसणारा ‘क’ रेघांनी काढलेला नसतो. तो शेतासारखा असतो, चारी बाजूंनी बांध आणि आत शाई. छापखान्याला आणि फ्लेक्सवाल्याला हे सोयीचं पडतं, कारण त्यांना शाई कुठे भरायची एवढंच हवं असतं. पण कोरणारं, कापणारं, शिवणारं किंवा पेन धरून काढणारं मशीन शाई भरत नाही, ते चालतं. त्याला शेत दिलं की ते बांधावरून चालत सुटतं आणि पूर्ण फेरी मारून निघाल्या जागी येतं. काका म्हणाले ते हेच, दोनदा फिरलं. लेसरला पोकळ जागेत जवळजवळ आडव्या रेघा भरायला सांगता येतं. त्याला हॅच म्हणतात, आणि जाड ठसठशीत अक्षराला तो शोभतोही. बारीक अक्षराला मात्र त्याने वेळ फार जातो आणि पातळ पत्र्यावर जळकट डाग पडतात.

अक्षराचं जे, तेच चिन्हाचं. गिऱ्हाईक मोबाईलवर गणपती आणतं, मोर आणतं, दुकानाचं बोधचिन्ह आणतं, म्हणतं ‘हे घाला’. मोबाईलवरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रास. ते ट्रेस करायचं म्हणजे काळे ठिपके जिथे संपतात आणि पांढरे सुरू होतात तिथून पाथ काढायचा. पीटर सेलिंगर या गणितज्ञाने २००१ पासून बांधलेलं पोट्रेस हे त्या कामाचं नावाजलेलं इंजिन. इंकस्केपमधलं ट्रेस बिटमॅप त्याच्यावरच चालतं. काम इतकं सुबक करतं की नवखा माणूस खूश होतो. नोड मोजायला गेलं की कळतं, एका साध्या आडव्या दांडीला दोन लांब बाजू आणि दोन आखूड टोकं, असा बारीक चौकोन मिळाला आहे. दांडी मिळालेलीच नाही.

इथे एका शब्दाने माझे दोन महिने खाल्ले, तो आधी सांगून टाकते. शब्द आहे ‘आउटलाइन’. कोरलमध्ये आउटलाइन म्हणजे पाथवर चढवलेली रेघ, जिची जाडी एफ-१२ दाबून बदलता येते. इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’ म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकणे, आणि ‘आउटलाइन स्ट्रोक’ म्हणजे रेघेचाच आकार करून टाकणे. म्हणजे एकाकडे जी रेघ, ती दुसऱ्याकडे कुंपण. म्हणून या पुस्तिकेत मी ‘आउटलाइन’ हा शब्द टाळला आहे. रेघ म्हणजे रेघ, कड म्हणजे कड.

मराठीत यासाठी मुळात चांगला शब्द होता. मुलाला अक्षर शिकवताना आपण ते ‘गिरवायला’ सांगतो. धूळपाटीवर बोट फिरायचं, पुढे पाटीवर पेन्सिल. गिरवताना बोट अक्षराच्या कडेने जात नाही, अक्षराच्या अंगावरून जातं; जिथून सुरू व्हायचं तिथून सुरू होतं, वळायचं तिथे वळतं. संगणकाला आपण ट्रेस म्हणतो आणि मनात गिरवणं धरतो. तो गिरवत नाही. तो पडलेल्या शाईची हद्द आखतो, एखाद्या पटवाऱ्यासारखा. शाई कुठून कुठे गेली याचा त्याला पत्ता नसतो, आणि एकरेघी काम करणाऱ्याला नेमकं तेच शोधून काढायचं असतं.

हा फरक संगणकाने आणलेला नाही. आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कुक्षीच्या बाजूला, बाघ आहे. तिथले खत्री लाकडी ठशांनी कापड छापतात, हिराकशीपासूनचा काळा आणि तुरटीवर चढवलेला लाल. ठशांमध्ये ‘रेख’ नावाचा एक ठसा असतो, नक्षीची बारीक रेघ उमटवणारा. तो कोरणाऱ्याचं काम बघितलं तर चक्रावून जायला होतं, कारण तो रेघ कोरतच नाही. तो रेघेच्या अलीकडचं आणि पलीकडचं लाकूड काढतो आणि रेघ शिल्लक ठेवतो. त्याला दोन्ही कडा सांभाळाव्या लागतात. त्याच्या कामाला पोट्रेस अगदी फिट बसेल. आमच्या कामाला बसणार नाही, कारण आम्ही रेघ शिल्लक ठेवत नाही, पाडतो.

आणि पाडलेल्या रेघांचा याहून मोठा नमुना भोपाळजवळ बेतवेकाठी भोजपूरला आहे. धारच्या भोजाच्या नावावर असलेलं अकराव्या शतकातलं शिवमंदिर अर्धवट राहिलं, पण त्याच्या भोवतीच्या कातळावर कारागिरांनी कोरून ठेवलेले नकाशे राहिले. खांब, थरांच्या कडा, शिखराचे भाग, सगळं खडकात ओढलेल्या नुसत्या रेघांनी. छाया नाही, भरण नाही. वास्तूवरचा जो ग्रंथ भोजाच्या नावे आहे त्याचं नाव ‘समराङ्गणसूत्रधार’. सूत्रधार म्हणजे सूत धरणारा, आणि त्याच शब्दातून आपला सुतार आला. सुतार अजूनही कावेत भिजवलेली दोरी फळीवर ताणतो, मधोमध चिमटीत उचलून सोडतो, आणि फळीवर तांबडी रेघ उठते. त्या दोरीला दोन कडा आहेत असं कोणाच्या डोक्यातही येत नाही. मला एकरेघी पाथ कोणी सोप्या भाषेत विचारला तर मी म्हणते, सूत मारलेलं आहे.

तर मशीनकडून सूत कसं मारून घ्यायचं? सोय आहे. कोरलच्या पॉवरट्रेसमध्ये सेंटरलाइन ट्रेस आहे, इलस्ट्रेटरच्या इमेज ट्रेसमध्ये ‘फिल्स’च्या ऐवजी ‘स्ट्रोक्स’ निवडता येतं, आणि फुकट मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये २०२० साली आलेल्या १.० या आवृत्तीपासून सेंटरलाइन ट्रेसिंग आहे, ऑटोट्रेस नावाच्या जुन्या इंजिनावर चालणारं. या सगळ्यांच्या पोटात कल्पना एकच, आकाराचा सांगाडा काढणे.

ही कल्पना हॅरी ब्लम या अमेरिकन संशोधकाने १९६७ साली मांडली, आणि समजावण्यासाठी त्याने वाळलेल्या गवताचं उदाहरण घेतलं. आम्हा माळव्यातल्यांना गवतापर्यंत जायची गरज नाही. गहू निघाला की शेतात नरवाई उरते, कापलेल्या धांड्यांचे खुंट. सरकारी बंदी असूनही ती जाळणारे जाळतात. आता असं समजा की लांबट शेताच्या सगळ्या बांधांवर एकाच क्षणी काडी लावली आणि वारा अजिबात नाही. आग चारी बाजूंनी सारख्या वेगाने आत सरकेल. दोन्हीकडच्या ज्वाळा जिथे एकमेकींना भिडून विझतील तिथे राखेची एक ओळ उरेल, शेताच्या बरोबर मधून जाणारी. ती ओळ म्हणजे सांगाडा. ठिपक्यांच्या चित्रावर हे करायची एक प्रसिद्ध रीत झांग आणि सुएन यांनी १९८४ साली दिली. कडेचे ठिपके एकेक थर सोलत जायचं, आकार तुटू द्यायचा नाही, आणि एका ठिपक्याची रुंदी उरली की थांबायचं. कांदा सोलावा तसं.

नरवाईचं उदाहरण डोक्यात पक्कं बसलं की सेंटरलाइन ट्रेसच्या सगळ्या खोड्या आपोआप समजतात. बांध कुठे जरा आत-बाहेर असेल तर आगीची जीभ वाकडी येते आणि मुख्य ओळीला काट्यासारखा फुटवा फुटतो. म्हणून खडबडीत फोटोतून काढलेला सांगाडा बाभळीच्या फांदीसारखा दिसतो. दांडीचं टोक चौकोनी असेल तर आग दोन कोपऱ्यांतून येते आणि टोकाला माशाची शेपटी होते. सोलून काढणाऱ्या रीतीत तेच टोक आखूडही होतं. दोन तिरप्या रेघा एकमेकींना छेदत असतील तर छेद एका बिंदूत होत नाही; फुलीच्या जागी दोन शिंगं पाठीला पाठ लावून बसतात आणि त्यांच्यात एक आखूड तुकडा येतो. भरीव टिंबाचा तर एखादा ठिपका उरतो नाहीतर काहीच उरत नाही. अनुस्वार जातो, आणि ‘नंदा’ची ‘नदा’ होते. एका पातेल्यावर झाली आहे.

देवनागरीला सगळ्यांत जास्त मार बसतो तो शिरोरेघेला. जिथे जिथे अक्षराचा काना शिरोरेघेला खालून भेटतो, तिथे खालचा बांध तुटलेला असतो. वरून आलेली आग तिथे थोडी जास्त खोल उतरते, आणि मधली ओळ कान्याकडे ओढली जाते. दर अक्षराला एक झोल. पडद्यावर लहान आकारात दिसत नाही, पण परातीच्या काठावर मोठ्या अक्षरात नाव कोरलं की शिरोरेघ अशी दिसते की जणू दोरीवर ओले कपडे वाळत घातलेत. भाच्याला ते छान वाटलं होतं, ‘डिझाइनसारखं’. काकांनी परात उलटी करून ठेवली. इलाज सोपा आहे, पण तो हातानेच करावा लागतो. सांगाड्यातली शिरोरेघ पूर्ण काढून टाकायची, दोन टोकांना दोन नोड देऊन एक सरळ रेघ ओढायची, आणि प्रत्येक कान्याचं वरचं टोक तिला नेऊन चिकटवायचं. सुतासारखी सरळ म्हणतात ती ही.

आता एक काम जरा जवळून दाखवते, कारण पुस्तिकेतली अर्धी चित्रं त्याचीच आहेत.

शिवणवर्गाच्या मुलींनी आपल्या बाईंना निरोपाला द्यायला डबा आणला. त्यावर बाईंचं नाव आणि वर शिलाई मशीनचं चित्र हवं होतं. नमुना म्हणून आणला होता निवडणूक चिन्हांच्या छापील यादीचा फाटका तुकडा, त्यात शिलाई मशीन. या यादीतली कित्येक चिन्हं निवडणूक आयोगाचे रेखाटनकार एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीने काढलेली. ते १९९२ मध्ये निवृत्त झाले. न वाचता येणाऱ्या मतदाराला एका नजरेत ओळखू यावं म्हणून काढलेली ही चित्रं. व्हेक्टरच्या विद्यार्थ्याने अभ्यास करावा असा याहून चांगला देशी संग्रह मला माहीत नाही. पण आमच्या हातात आला तो छापून, झेरॉक्स होऊन, घडी पडून.

आधी सरळ ट्रेस केलं. मशीनची काळी कमान एक आकार, हातचाकाच्या दोन कडा दोन वर्तुळं, आणि सुई म्हणजे केसाएवढा बंद चौकोन. मग सेंटरलाइन लावलं. दीडशेच्या वर नोड, कमानीच्या पाठीवर घडीमुळे उठलेले काटे, चाकाचे आरे मध्यावर न भेटता आसपास घुटमळणारे, आणि सुई गायब. झेरॉक्समध्ये ती तुटली होती, आणि तुटक ठिपके कचरा समजून इंजिनाने टाकून दिले होते. त्याचं त्यात काही चुकलं नाही. शिलाई मशीनला सुई असते हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

शेवटी मी तो सगळा पसारा बाजूच्या लेयरवर टाकला, मूळ चित्र फिकं करून खाली कुलूपबंद केलं आणि पेन टूल घेऊन वरून गिरवलं. चाक हे गिरवायचं नाहीच, ते वर्तुळाच्या टूलने काढायचं. आरे मध्यातून जाणाऱ्या तीन सरळ रेघा. पाटाची एक रेघ. कमान ही खरी मेख होती, कारण चित्रात ती भरीव होती, आणि भरीव अंगाची एक रेघ काय असणार? सांगाडा काढला तर मधून जाणारी आकडी मिळते. ती बघून मुलगी म्हणाली, ‘ये तो छाता टाँगने का हुक है.’ बरोबर होतं तिचं. तिथे मधली रेघ चालत नाही, तिथे कडच घ्यावी लागते. कमान मी कडेने काढली, सुई मधून काढली. एकाच चित्रात दोन न्याय. नोड भरले बावीस. सुईतून निघणारा दोरा खाली नेऊन बाईंच्या नावाच्या शिरोरेघेत मिळवला, तो मात्र माझा आगाऊपणा.

म्हणून आमच्या दुकानात नियम असा आहे, आणि पुस्तिकाही त्याच क्रमाने लिहिली आहे. चित्र सारख्या जाडीच्या स्वच्छ रेघांचं असेल आणि मोठं मिळालं असेल तर सेंटरलाइन ट्रेस करा आणि फुटवे तोडा. चित्र आधीच ट्रेस होऊन आलं असेल, म्हणजे हाती फक्त कडा असतील, तर रेघेची दोन्ही टोकं नोडपाशी तोडा. दोन बाजू सुट्या होतील. इंकस्केपच्या एक्स्टेन्शनमध्ये ‘इंटरपोलेट बिटवीन पाथ्स’ आहे, त्याला या दोन बाजू देऊन मधली एक पायरी मागा. दोन्ही बाजूंची सरासरी होऊन मधली वाट मिळते. फक्त एक ध्यानात ठेवा. मूळ कड फेरी मारून येणारी असल्यामुळे तुटलेल्या दोन बाजूंची तोंडं उलट असतात. एक बाजू आधी उलटवून घेतली नाही तर दोन बैल विरुद्ध तोंडांनी जुंपल्यासारखं होतं, आणि मधली रेघ गुंता होऊन बसते. मी यावर एक दुपार घालवली आहे. आणि चित्र भूमितीचं असेल, चाक, खिडकी, बाण, घर, तर यांतलं काहीही करू नका. पेन टूल घ्या. ट्रेस करून साफ करण्यापेक्षा नव्याने काढणं लवकर होतं हे मानायला मला फार दिवस लागले, कारण बटण दाबलं की काम झालं अशी जी भावना होते ती सोडवत नाही.

उलट दिशेचा रस्ता मात्र गुळगुळीत आहे. रेघेचा आकार करायला कोरलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-क्यू एवढंच पुरतं, इंकस्केपमध्ये ‘स्ट्रोक टू पाथ’. दुधाचं दही असं चुटकीसरशी होतं. दह्याचं दूध करणारं बटण कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. म्हणून भाच्याला सांगते तेच इथे सांगते. रेघांची मूळ फाइल वेगळी ठेवा, छापायला देताना तिची प्रत काढून आकार करा. दुसऱ्याकडून चिन्ह मागवताना सरळ विचारा, ‘स्ट्रोकची फाइल आहे का?’ वेबसाइटवर आणि मोबाईलमध्ये दिसणारी बारीक रेघांची बरीच चिन्हं मुळात अशीच असतात. फेदर नावाचा खुला संच घ्या, २४ बाय २४ च्या जाळीवर २ पिक्सेल जाडीच्या रेघा. अशी फाइल मिळाली तर या पुस्तिकेची गरजच नाही.

रेघ मिळाली तरी एक प्रश्न उरतो, आणि तो मला सगळ्यांत आवडतो. मशीनने सुरुवात कुठून करायची? कडेला सुरुवात नसते, ती गोल फिरते. रेघेला आरंभ आणि शेवट असतो, आणि अनेक रेघा असल्या की क्रमही येतो. बाळबोध लिहिताना आपण अक्षरं आधी काढतो आणि शिरोरेघ शेवटी देतो. मोडी लिहिणारा उलटं करायचा. तो आधी पानभर रेघ ओढून घ्यायचा आणि तिला अक्षरं लटकवत जायचा, हात होता होईतो न उचलता. धार-देवासच्या पवारांच्या काळची कागदपत्रं मोडीत आहेत. ती नुसती बघितली तरी हाताचा वेग कळतो. काका भांड्यावर मोडीवाल्यासारखं करतात, शिरोरेघ आधी. कारण तांब्याचा गळा गोल असतो आणि आधी वाट आखली नाही तर नाव चढणीला लागतं. लेसरला कशाचंच काही नाही. पाथ ज्या क्रमाने फाइलमध्ये आहेत, किंवा जवळचा पाथ आधी, असं तो उड्या मारत जातो. सांगाड्याचे तुकडे जोडून सलग पाथ केले, दिशा लावल्या आणि क्रम लावला की उड्या कमी होतात, वेळ वाचतो. आणि खरं सांगायचं तर बघायलाही बरं वाटतं. लाल ठिपका ‘स’ची गाठ मारून कान्यावरून खाली उतरतो तेव्हा गिऱ्हाईक मोबाईल बाजूला ठेवतं.

रोमन अक्षरांसाठी हा सगळा खटाटोप फार पूर्वी कोणीतरी करून ठेवला आहे. अमेरिकन नौदलाच्या डाल्ग्रेन इथल्या प्रयोगशाळेत ॲलन हर्शी यांनी १९६७ च्या सुमारास संगणकाच्या पडद्यासाठी आणि प्लॉटरसाठी नुसत्या रेघांची अक्षरं बनवली. रोमन, ग्रीक, रशियन, जपानीसुद्धा. इंकस्केपमध्ये ‘हर्शी टेक्स्ट’ म्हणून ती आजही मिळतात. देवनागरी त्यांत नव्हती. देवनागरीची रेघ एकसारखी नसतेच, हेही त्याला आडवं येतं. बोरूचं टोक तिरपं छाटलेलं असतं, म्हणून एका दिशेला रेघ जाड, दुसऱ्या दिशेला बारीक. एकरेघी करताना ते सगळं सांडतं. उरतं ते पाटीवरचं अक्षर, खडूचं. माझ्या मते भांड्यावर तेच चांगलं दिसतं, पण सुलेखनवाल्यांना हे पटणार नाही. पुस्तिकेच्या शेवटी आम्ही वापरतो ती मुळाक्षरं आणि नावांत नेहमी येणारी जोडाक्षरं दिली आहेत, सुरुवातीचा बिंदू आणि बाणांसकट. ‘श्री’ पाच प्रकारे आहे, कारण पत्रिकेत आहे तस्साच हवा म्हणणाऱ्यांशी वाद घालून उपयोग नसतो.

भरतकामाच्या मशीनबद्दल मी एकच प्रकरण घातलं आहे, ते पुढे वाढवावं लागेल असं दिसतंय. आमच्या तालुक्यात भैंसोल्याला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी १७ सप्टेंबर २०२५ रोजी झाली, आणि तेव्हापासून दुकानात येणारी पोरं एम्ब्रॉयडरीचं डिजिटायझिंग शिकवता का म्हणून विचारतात. त्यांना सांगण्यासारखं एवढं आहे की धावदोरा म्हणजे आपली रेघ आणि सॅटिनचा टाका म्हणजे दोन कडांमधला. सॅटिनला दोन्ही कडा लागतातच, धावदोऱ्याला कडा दिल्या तर तो दुहेरी शिवून ठेवतो. जे डब्यावर चुकतं तेच कापडावर चुकतं, फक्त कापडावर उसवता येतं.

पुस्तिका क्रमाने वाचायची गरज नाही. ज्यांच्याकडे काम अडलं आहे त्यांनी खोड्यांचं प्रकरण आधी उघडावं. तिथे प्रत्येक चित्र तीनदा छापलं आहे, कडा, सांगाडा आणि हाताने सरळ केलेली रेघ. मधलं चित्र मुद्दाम काहीच न सुधारता ठेवलं आहे.

मागच्या पुठ्ठ्यावर एका पितळी तांब्याचा फोटो आहे. तो आजीच्या लग्नातला. गळ्याभोवती आजोबांनी छिन्नीने घातलेलं तिचं नाव, त्याखाली ‘बदनावर, माळवा’. त्यातला ‘ळ’ टिंबांचा आहे, आणि दोन वाटोळी जिथे एकमेकांना भेटतात तिथे आजोबांचा हात कोणत्या बाजूने आत शिरला आणि कुठून बाहेर पडला हे भिंग लावूनही मला ठरवता आलेलं नाही. काका एक सांगतात, मला दुसरं दिसतं. मुळाक्षरांच्या तक्त्यात बाकी सगळी अक्षरं एकरेघी आहेत. ‘ळ’ तेवढा तांब्यावरून ट्रेस करून, दोन्ही कडांसकट, तसाच ठेवला आहे.